रेडा तर सगळ्यांकडेच असतो

आमचं आळे हे गाव जुन्नर तालुक्यात आहे. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या मंडळींना ते आळेफाटा म्हणून ठाऊक असतं, आणि तेसुद्धा चहापाण्यापुरतं. गावाची खरी प्रतिष्ठा मात्र एका रेड्यावर उभी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा पुढे त्या भावंडांबरोबर चालत निघाला, आमच्या गावी त्यानं देह ठेवला आणि माउलींनी त्याला इथंच समाधी दिली, अशी परंपरा आहे. चैत्रात यात्रा भरते. साधुसंतांच्या समाध्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. रेड्याची समाधी आमच्याकडे आहे. त्यामुळे आम्ही आळेकर जरा मान ताठ ठेवून चालतो, आणि कुणी कुणाला ‘रेड्या’ म्हणून हाक मारली तर ती शिवी आहे की पदवी आहे याचा नीट विचार करूनच भांडायला उठतो.

या गोष्टीचं तात्पर्य आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. त्या दिवशी पैठणात रेडे पुष्कळ असतील. पखालींचे असतील, नांगराचे असतील, नुसतेच चिखलात बसलेले असतील. बोलला एकच, कारण हात एकाच्याच मस्तकावर पडला. रेडा तर सगळ्यांकडेच असतो. अडतं ते हातापाशी.

हे सगळं सांगायचं कारण असं की हल्ली गाण्याच्या काळ्या तबकड्या पुन्हा निघू लागल्या आहेत. ज्याला आपण पूर्वी ‘रेकॉर्ड’ म्हणत होतो आणि नवी पोरं ‘व्हिनाइल’ म्हणतात, ती. मोठ्या कंपन्या काढतात ते सोडा. स्वतःच्या खिशातले पैसे घालून, कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता स्वतःचं गाणं स्वतः काढणारे जे तरुण आहेत, त्यांच्यात या तबकडीचं फार वेड आहे. वेडाबद्दल माझी तक्रार नाही. कला वेडाशिवाय होत नाही आणि कांदाही होत नाही. माझी तक्रार अशी आहे की या मंडळींनी रेडा मोठ्या थाटानं आणला, त्याला झूल चढवली, शिंगं रंगवली, आणि मस्तकावर हात कोण ठेवणार हे विचारायचंच राहून गेलं. तबकडीच्या मस्तकावर हात ठेवणारा म्हणजे ती कापणारा माणूस. त्याच्या बाजूनं भांडायला आज मी उभा आहे.

आधी वेडाची व्याप्ती सांगतो. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या. असं १९८७ नंतर प्रथमच घडलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात रेकॉर्डची छपाई थंडावली होती. तीसुद्धा २०२४ साली मुंबईत एक नवा कारखाना निघून पुन्हा सुरू झाली. ही सगळी चांगली बातमी. आता दुसरी बातमी ऐका. २०२३ साली ‘ल्युमिनेट’ या संस्थेनं अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा असं दिसलं की रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्याच घरी ती वाजवायचं यंत्र आहे. म्हणजे उरलेले निम्मे लोक ती भिंतीला टांगत असणार. आमच्याकडे पाहुण्यांसमोर पितळी ताट भिंतीला लावायची पद्धत आहे, पण त्या ताटात कधी काळी कुणीतरी जेवलेलं तरी असतं.

ज्याची निम्मी गिऱ्हाइकं वाजवणारच नाहीत, ती तबकडी चांगली वाजते की नाही याची काळजी कोण करणार? खरी मेख इथंच आहे. कव्हरावर चित्रकार नेमतात. तबकडी काळी असली तर मागासलेपणा वाटतो म्हणून ती जांभळी करतात, पारदर्शक करतात, आत गुलाल सांडल्यासारखे ठिपके टाकतात. आणि गाणं? ‘फाइल पाठवलीय की!’ म्हणतात. जणू काही तबकडी म्हणजे पोस्टाची पेटी. टाकलं पाकीट की पोचलं.

अहो, एवढं सोपं असतं तर १९०२ साली गायकांची गाणी मुद्रित करायला फ्रेड गायसबर्ग विलायतेहून कलकत्त्याला बोटीनं कशाला आला असता? त्या वेळी आवाज कोरला जायचा तो मेणाच्या जाड चकतीवर. गाणारानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि तीन मिनिटांच्या आत सगळा राग, त्याची बढत, ताना, सगळं आटपायचं. चुकलं तर मेण तासून पुन्हा पहिल्यापासून. कसं झालं ते लगेच वाजवून बघायची सोयही नव्हती, कारण वाजवलं की ती मेणाची चकती कामातून गेली. त्या चकत्या जर्मनीत हॅनोवरला जायच्या आणि तिथं रेकॉर्डी छापल्या जायच्या. गौहरजानसारख्या गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारायच्या, ते तिकडच्या जर्मन कारागिराला ही कुणाची चकती हे कळावं म्हणून. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा कुठे आपलं गाणं आपल्या देशात छापलं जाऊ लागलं.

आणि स्वतंत्रपणे रेकॉर्ड काढणं हा काही आजच्या पोरांनी लावलेला शोध नव्हे. १९३५ साली मुंबईत ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ निघाली आणि तिनं ‘यंग इंडिया’ या छापाच्या रेकॉर्डी काढल्या. मोठमोठे गवई बड्या विलायती कंपनीशी करारानं बांधलेले. तेव्हा या मंडळींनी नव्या, हौशी, फारसं नाव नसलेल्या कलावंतांना हाताशी धरलं. वीसेक वर्षं त्यांनी हा संसार ओढला. त्यांच्याकडे भांडवल कमी असेल, पण ध्वनिमुद्रण करायला आणि तबकडी छापायला माणसं होती. ‘फाइल पाठवली’ म्हणून हात झटकायची सोय त्यांना नव्हती.

आता कापणं म्हणजे काय ते सांगतो, कारण भांडणाचं मूळ तिथं आहे.

तुम्ही भांड्यांच्या दुकानात भांड्यावर नाव घालून घेतलं असेल. तो दुकानातला पोऱ्या हातात टुर्र टुर्र करणारं यंत्र धरतो आणि स्टीलच्या डब्यावर ‘चि. सौ. कां.’पासून तारखेपर्यंत सगळं कोरून देतो. तबकडी कापणं हे त्याच्याच कुळातलं काम, फक्त हजारपट नाजूक. अॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा गुळगुळीत थर दिलेला असतो. ती चकती एका अवजड लेथवर फिरते. वरून नीलमण्याची तापवलेली सुई उतरते आणि आवाजाप्रमाणे थरथरत त्या थरात खाच कोरत जाते. निघालेला केसासारखा काळा धागा एक नळी जागच्या जागी ओढून घेते, कारण तो धागा गुंतला तर खाच बिघडते आणि त्याला ठिणगी लागली तर भडका उडतो. कापलेली चकती फार दिवस ठेवून चालत नाही, खाचा सैलावतात. लगेच तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन वर निकेल चढवतात आणि तो साचा सोलून काढतात. त्या साच्याला ‘फादर’ म्हणतात. फादरपासून ‘मदर’ करतात आणि मदरपासून छापायचे ठसे. बापापासून आई आणि आईपासून पोरं अशी वंशावळ फक्त याच धंद्यात चालते. एका ठशातून हजारभर तबकड्या निघतात, मग तो झिजतो.

एक कोडं घालतो. वीस मिनिटांच्या एका बाजूवर खाचा किती? लोक शंभर म्हणतात, पाचशे म्हणतात. खाच एकच असते. काठापासून निघून घरंगळत मधोमध जाणारी, सरळ केली तर चारशे मीटरच्या वर भरेल अशी एकच. मध्ये कुठंही घोळ झाला तर पुढची गाडी अडते. बाजूच्या गल्लीतून काढायची सोय नाही.

या कापण्याच्या आधी जी तयारी करतात तिला इंग्रजीत ‘मास्टरिंग’ म्हणतात. मी तिला मास्तरकी म्हणतो, कारण ती शब्दशः मास्तरकी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तर पोरांचा वर्ग घेणारा मास्तर जे करतो तेच हा माणूस करतो. वर्गातलं सगळ्यांत दांडगं पोर म्हणजे खर्ज. त्याला डावीउजवीकडे मोकळं सोडलं तर खाच इतकी वेडीवाकडी होते की घरची सुई उडी मारून बाहेर पडते. मास्तर त्याला कान धरून मधल्या रांगेत बसवतो. दुसरं पोर ‘स’ आणि ‘श’. सतत सुसू करणारं. त्याची जीभ आवरली नाही तर तबकडीवर ‘संतसंग’ हा शब्द फोडणी बसल्यासारखा ऐकू येतो. तिसरं पोर म्हणजे लांबलचक गाणं. जागा ठरलेली आहे. एका बाजूला वीस मिनिटं भरली तर सगळे ऐसपैस बसतात, तीस कोंबली तर खाचा अंग चोरून बसतात, आवाज दबतो आणि तबकडीची खरखर वर येते.

आणि शेवटचा बाक तर पाहूच नका. तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, काठाला असो की मधे असो. पण काठाचा फेरा मोठा, आतला लहान. म्हणून काठाला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर खाच सरकते आणि अगदी आत गेल्यावर जेमतेम वीस. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. कडाक्याचं, चमचमतं गाणं शेवटी ठेवलं की ते तिथं चेंगरतं. म्हणून मास्तर सांगतो, ‘हे गाणं पुढं घ्या, शांत गाणं मागं बसवा.’ आपल्या बैठकीत शेवटी संथ भैरवी गाणारे जुने गवई रेकॉर्डच्या दृष्टीनंही शहाणे होते.

एवढ्यानं भागत नाही. कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि टीप मुद्दाम चढवतात. अगदी खालचा खर्ज दहाव्या हिश्शावर आणि अगदी वरची टीप जवळजवळ दसपट. ऐकताना घरचं यंत्र बरोबर याच्या उलट करतं. याचं कोष्टक १९५४ साली ठरलं आणि मग सगळ्या जगानं उचललं. आमच्या आक्का मटकी वाळवून डब्यात भरतात आणि लागेल तेव्हा भिजवून फुगवतात, त्यातलाच हा प्रकार. खर्ज वाळवून साठवायचा आणि ऐकताना भिजवायचा. पण वाळवताना उन्हाचा अंदाज असावा लागतो. तो अंदाज फाइलीत नसतो, माणसाच्या कानात असतो.

आता आमच्याकडे काय घडलं ते ऐका. गाव सांगत नाही आणि कंपनीचं नाव तर मुळीच नाही. आमच्या भागातल्या एका भजनी मंडळाची तबकडी निघाली. काढणारा माझा पुतण्या. पुण्यात संगणकात आहे, पण मन टाळमृदंगात. त्यानं सप्ताहात मंडळाचं भजन चांगल्या मायक्रोफोनवर घेतलं. पंचवीस टाळकरी, एक पखवाज, आणि पुढं वीणा गळ्यात घालून ऐंशीच्या घरातले बुवा. ध्वनिमुद्रण मी ऐकलं होतं. डोळे मिटले तर मंडपातल्या उदबत्तीचा वास येईल असं होतं. मग कुण्या मित्रानं ते मोबाइलवर ‘दणक्यात’ वाजावं म्हणून पार आवळून दिलं. हळू आवाज वर, मोठा आवाज छाटलेला, सगळं एका पातळीत, रोलर फिरवल्यासारखं. आणि ती आवळलेली फाइल एका कंपनीला गेली. तीनशे तबकड्या. दोन ट्रक कांद्याचे पैसे.

त्या कंपनीनं एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. एका बाजूला एकतीस मिनिटं आहेत, चालेल का? विचारलं नाही. शेवटी पंचवीस टाळांचा गजर आहे, आणि टाळाइतका तबकडीचा दुसरा वैरी नाही, पुढं घेऊ का? विचारलं नाही. न आवळलेलं मूळ आहे का? तेही नाही. नमुन्याच्या दोनचार तबकड्या आधी छापून ऐकायची रीत असते. त्या रकान्यापुढं ‘ऐच्छिक, पैसे जादा’ असं लिहिलेलं, म्हणून पोरानं खूण केली नाही. तीन महिन्यांनी खोकी आली. कव्हर देखणं होतं. तबकडी केशरी होती. सगळं मंडळ ऐकायला बसलं. पहिला अभंग विहिरीतून आल्यासारखा आणि शेवटचा गजर कढईत पापड सोडल्यासारखा. पखवाजी जुना माणूस. त्यानं बराच वेळ ऐकून विचारलं, ‘‘दादा, ह्यात म्या कुठं हाय?’’

पुतण्या मला म्हणाला, ‘‘काका, कंपनी म्हणते फाइलमध्ये जे होतं तेच छापलं.’’

हे वाक्य मला बंदुकीच्या गोळीसारखं लागतं. फाइलमध्ये जे होतं तेच छापलं! शिंप्याकडे तीन वार कापड नेलं आणि त्यानं कापून, शिवून, एक बाही दोन वीत आणि दुसरी चार वीत करून दिली, आणि वर म्हणाला, ‘कापड तुमचंच आहे,’ तर आम्ही त्याला काय म्हणू ते इथं लिहिता येत नाही. कापणाऱ्याला आपण पैसे देतो ते कशाचे? कात्री चालवण्याचे थोडे आणि कात्री थांबवण्याचे जास्त. ‘हे असं कापता येणार नाही’ असं जो म्हणू शकत नाही, तो कारागीर कसला?

बुवा गेल्या कार्तिकात गेले. ती मूळ फाइल पुतण्यानं केव्हाच पुसून टाकली होती, संगणकात जागा होत नाही म्हणून. आवळलेली तेवढी उरली. कुणीतरी कान असलेल्या माणसानं ‘मूळ आण’ एवढे दोन शब्द उच्चारले असते तर ती वाचली असती.

आता प्रतिपक्षाचं ऐकू. न ऐकता भांडणं हे आमच्या ग्रामसभेचं काम, माझं नव्हे.

एक गट म्हणतो, ‘‘तबकडीचा आवाज मुळातच उबदार असतो हो!’’ खोटं. तबकडीचा आवाज मुळात कसाच नसतो. सीडीत हळू-मोठ्या आवाजाचा पल्ला तबकडीपेक्षा मोठा मावतो, हे शाळकरी सत्य आहे. ऊब असते ती कुणीतरी गाण्यासाठी जागा करून दिली त्याची. आवळलेली फाइल तबकडीवर घातली की मोबाइलच मोठ्या व्यासाचा होतो, ऊब येत नाही. ऊबच हवी असेल तर घोंगडी घ्यावी.

दुसरा गट म्हणतो, ‘‘मग तबकडी हवीच कशाला?’’ हा प्रश्न मला आवडतो. आमच्या भागात ऐंशीच्या दशकात तमाशाच्या वगांच्या, भारुडांच्या कॅसेटी घरोघरी होत्या. आज त्या काढून पाहा. फितीला बुरशी, चिकटलेल्या, आणि वाजवायचं यंत्र भंगारात. त्यानंतरचं गाणं मोबाइलमध्ये, आणि मोबाइल विहिरीत. पण माळ्यावर सापडलेली जुनी लाखेची रेकॉर्ड घ्या, कागदाचं नरसाळं करा, टोकाला टाचणी टोचा, आणि चकती बोटानं फिरवा. क्षीण का होईना, ऐंशी वर्षांपूर्वीचा माणूस गातो. त्याला पासवर्ड लागत नाही, वीज लागत नाही, कुठल्या कंपनीचा मासिक हप्ता लागत नाही. हा तबकडीचा खरा गुण, आणि म्हणूनच ती नीट कापली पाहिजे. जी वस्तू शंभर वर्षं टिकणार, तिच्यात शंभर वर्षं पापड तळायचे का?

तिसरा गट व्यवहारी. ‘‘परवडत नाही हो. चांगल्या माणसाकडून कापून घ्यायचं म्हणजे खर्च.’’ यावर माझं उत्तर कांदा उत्पादकाचं उत्तर आहे. आम्ही भाव नसेल तर कमी लावतो, पण सडका लावत नाही. तीनशे कशाला? शंभर काढा. तीसच हव्यात तर ठशाच्या भानगडीतच पडू नका; एकेक तबकडी लेथवर सुटी कापून देणारे लोक जगात आहेत. वीस मिनिटांच्या बाजूला वीस मिनिटं लागतात, पण तीस माणसं तरी नीट ऐकतील. केशरी रंग काढा, काळी करा. जाड पुठ्ठ्याचं दुहेरी कव्हर काढा. आधी कापणाऱ्याचे पैसे बाजूला ठेवा आणि उरलेल्यात लग्न उरका. आपल्याकडे बँडवर खर्च होतो आणि वऱ्हाडाला आमटी पातळ मिळते, ती चाल तबकडीत नको.

शिवाय ही लॅकरची चकती काही बाजारात भाजीसारखी मिळत नाही. सगळ्या जगात ती बनवणारे कारखाने दोनच होते. त्यातला कॅलिफोर्नियात बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्सचा कारखाना ६ फेब्रुवारी २०२० रोजी जळून खाक झाला, आणि लॅकरसाठी जगाची सारी भिस्त जपानातल्या एका कारखान्यावर आली. तांब्याच्या पत्र्यावर थेट कापायची दुसरी एक रीत ऐंशीच्या दशकात जर्मनांनी काढली, पण तसले लेथही आता बोटांवर मोजण्याइतके. सांगायचा मुद्दा असा की प्रत्येक चकती ही कुणाच्या तरी ताटातली शेवटची पोळी आहे असं समजून खावी.

आणि आता जे बोलायला मी एवढा घसा कोरडा केला ते बोलतो. आमच्यापासून जवळच खोडदला आकाशाकडे तोंड करून बसलेल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अवाढव्य तबकड्या आहेत. जगभरचे शास्त्रज्ञ तिथं येतात आणि अब्जावधी वर्षांपूर्वी कुठल्याशा दीर्घिकेतून निघालेली पुसटशी कुजबुज टिपून घेतात. मला त्याचा फार अभिमान आहे. पण त्याच तबकड्यांच्या अंगाखाली, नारायणगावला, तमाशाची पंढरी आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेसाठी फड ठरवतात. विठाबाई नारायणगावकर तिथल्याच; २००२ साली गेल्या. त्या राहुट्यांत आजही कुणी म्हातारा ढोलकीवाला असा ठेका धरतो की चालणारा माणूस थांबतो. अब्जावधी वर्षांपूर्वीची कुजबुज आम्ही टिपली आणि शेजारच्या माणसाची ढोलकी आमच्या हातून निसटते आहे.

अल्लादिया खाँसाहेबांनी उभ्या आयुष्यात रेकॉर्ड दिली नाही. १९४६ साली ते गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. तो त्यांचा निर्णय होता, आपण मान लववतो. पण ढोलकीवाल्यानं, वीणेकऱ्यानं, सोंगाड्यानं कुठे नाही म्हटलंय? तो तर बसलाय तयार. त्याच्याकडे मोठी कंपनी कधी येणार नाही. येईल तो माझ्या पुतण्यासारखाच कुणी हौशी, दोन ट्रक कांद्याचे पैसे घेऊन. म्हणूनच हौश्यावर माझा राग जास्त आहे. तो एकटाच उरलाय, आणि तोच कव्हर बघत बसला तर कसं व्हायचं?

तेव्हा स्वतःची रेकॉर्ड काढणाऱ्या सर्व तरुणांना माझं रोखठोक सांगणं आहे. मूळ ध्वनिमुद्रण न आवळता दोन ठिकाणी जपून ठेवा. एका बाजूला वीस मिनिटांच्या फार पुढं जाऊ नका. टाळांचा गजर सुरुवातीला घ्या, देव रागावणार नाही. नमुन्याची तबकडी हातात येईपर्यंत एकही प्रत छापू देऊ नका, आणि ती नमुन्याची तबकडी मित्रांना दाखवू नका, ज्याचं वाजवणं त्यावर आहे त्या पखवाज्याला ऐकवा. आणि पैसे मोजण्यापूर्वी एकच विचारा, ‘कापणार कोण?’ यंत्राचं नाव सांगितलं तर उठून या. माणसाचं नाव सांगितलं तर त्याच्याशी बोला. तो बोलता बोलता दोनदा तरी ‘हे जमणार नाही’ म्हणाला, तर त्याच्या हातात डोळे मिटून गाणं द्या.

चांगला कापणारा काम संपलं की तबकडीच्या मधल्या मोकळ्या गोल पट्टीवर, खाच जिथं संपते तिथं, हातानं आपली आद्याक्षरं कोरतो. उजेडात तिरपी धरली की दिसतात. भांड्यावर आम्ही देणाऱ्याचं नाव घालतो, घेणाऱ्याचं घालतो. ते भांडं ज्यानं ठोकून घडवलं त्या तांबटाचं नाव आजवर कुणी घातलेलं नाही. तबकडीत ती सोय आहे. तुमची तबकडी आली की कव्हर बाजूला ठेवा, खिडकीपाशी जा, आणि ती दोन अक्षरं आधी शोधा. सापडली नाहीत, तर खुशाल भिंतीला टांगा.